घरटी एक मूल

एप्रिल २०१८ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात बोरिया-कसनासूर आणि राजाराम खांदला अशा दोन ठिकाणी चकमकी झाल्या. दोन्हीकडे मिळून ४० नक्षलवादी मारले गेल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. चकमकींनंतरचे काही दिवस इंद्रावतीच्या पात्रातून मृतदेह निघत राहिले. त्याच दिवसांत एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्ली या गावातून आठ तरुण मुलं-मुली नाहीशी झाली. घरच्यांनी सांगितलं, ती कसनासूरला लग्नाला गेली होती. पोलिसांनी सांगितलं, ती नुकतीच दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, भरती झाली होती. त्यांतल्या काहींची आईबापांनी सांगितलेली वयं अठराच्या आतली होती.

नागपूरच्या वर्तमानपत्रांत तेव्हा जी चर्चा झाली ती सगळी एका प्रश्नाभोवती फिरली: ही मुलं तिथे गेली होती की नव्हती? वय कुणी फारसं विचारात घेतलं नाही. माझं म्हणणं वयापासून सुरू होतं. पंधरा वर्षांची मुलगी बंदूक घेतलेल्या माणसांमागून चालू लागली, तर ती स्वतःहून गेली की तिला नेलं, हा प्रश्न तिच्यापुरता निरर्थक आहे. हे माझं हळवेपण नव्हे, हा कायदा आहे. सशस्त्र संघर्षातल्या मुलांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार मे २००० मध्ये झाला आणि ज्यावर भारताने २००५ मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्यात सरकारबाह्य सशस्त्र गटांनी अठरा वर्षांखालच्या कुणालाही कोणत्याही परिस्थितीत भरती करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. मुलाच्या संमतीला तिथे जागाच ठेवलेली नाही. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ८३ वं कलम तेच सांगतं: अशा गटाने मुलाला भरती केलं किंवा कुठल्याही कामाला लावलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. आणि याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कोण, याची जी व्याख्या आहे, तिच्यात सशस्त्र संघर्षाची झळ लागलेलं मूल नाव घेऊन आलं आहे. म्हणजे दलममधून पंधराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलीचा पहिला मुक्काम बालकल्याण समितीसमोर व्हायला हवा. तिचा फोटो छापायलाही कायद्याने मनाई आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश अनोळखी नाही. हेमलकशात आयुष्य काढलेल्या विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी आपल्याकडे पिढ्यांनी वाचली. माडिया तरुण त्या वाटेने का जातो, हे मराठीला त्या पुस्तकाने समजावलं. तुमच्या हातातलं हे पुस्तक त्या वाटेच्या पुढच्या टोकाचं आहे. ज्यांना कळत्या वयाच्या आधीच त्या वाटेवर नेलं आणि जे जिवंत परतले, त्यांचं पुढे काय होतं?

नेण्याची रीत एकच नसते. २ नोव्हेंबर १९८० ला सिरोंचा तालुक्यात मोयाबिनपेट्याजवळ या भागात आलेल्या पहिल्या नक्षलवाद्यांतला पेद्दी शंकर मारला गेला, तेव्हापासून आजपर्यंत साडेचार दशकांत ती बदलत गेली. सुरुवातीची वर्षं तेंदूपानाच्या मजुरीची, जंगलखात्याच्या जाचाची. तेव्हा दादालोक, म्हणजे नक्षलवादी, गावात आले की पोरं कौतुकाने मागे फिरत. पुढे गावोगाव संघटना बांधली गेली, तिच्यात मुलांचीही रचना झाली. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडबद्दल सविस्तर अहवाल काढला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे ‘बाल संघम’, त्याहून मोठ्यांसाठी चेतना नाट्यमंच हे सांस्कृतिक पथक, मग जनमिलिशिया, मग दलम, असा चढता जिना त्यात मांडलेला आहे. बारा वर्षांची मुलंही सशस्त्र दलमपर्यंत पोहोचल्याचं त्यात नोंदवलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक अहवालांत बाल संघमच्या संदर्भात महाराष्ट्राचंही नाव येऊन गेलं. झारखंडातल्या गुमला भागातून मुलं उचलून नेल्याच्या बातम्या २०१५ मध्ये आल्या, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

नेण्याची एक रीत अशी: संध्याकाळी गावात बैठक. ढोल, गाणी, नाच. मग भाषण, आणि शेवटी मागणी: घरटी एक मूल द्या. कुणी धमकी देत नाही, कारण देण्याची गरज नसते. मागच्या महिन्यात शेजारच्या गावात खबरी म्हणून कुणाला मारलं, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. ज्या घरात चार लेकरं आहेत तिथली आई मनातल्या मनात चौघांची तुलना करते. याला अपहरण म्हणायचं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या आईच्या जागी क्षणभर बसावं.

तिथे गेल्यावर पहिलं काय जातं, तर नाव. दुसरं नाव मिळतं आणि घरचं नाव उच्चारायचं नाही असा दंडक असतो. पाठीवर पिट्टू येतो. त्यात अंगावरच्या कपड्यांचा एक जादा जोड, पावसात वर ताणायची आणि रात्री खाली अंथरायची प्लास्टिकची झिल्ली, स्टीलचं ताट, तांदूळ, मीठ, साबण, वही. सुरुवातीला बंदूक नसते. वाट पाहायची, पोलीस किती आले ते मोजून सांगायचं, चिठ्ठी या गावातून त्या गावात न्यायची, मोठ्यांचं धान्य वाहायचं. मग सेंट्रीची पाळी. रात्री दोन तास जंगलाच्या काळोखाकडे तोंड करून उभं राहायचं आणि झोप लागली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. एका जागी दोन-तीन रात्रींच्या वर डेरा नाही. मासिक पाळी चालू असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीलाही तेवढंच चालायचं असतं, तेवढंच ओझं वाहायचं असतं.

आणि तरीही, अनेकींना पहिली अक्षरं तिथेच भेटली. आश्रमशाळेत गुरुजी नव्हते, दलममध्ये वही होती. काही मुली मनाविरुद्धचं लग्न टाळायला निघून गेल्या होत्या आणि घरी परत गेलं तर तेच लग्न वाट पाहत होतं. हे झाकून ठेवलं तर पुस्तक एकतर्फी होईल, आणि एकतर्फी पुस्तकाचा परतलेल्या माणसाला काही उपयोग नाही. त्याच्या आयुष्यातली ती वर्षं नुसती काळी नव्हती. मैत्रिणी तिथे होत्या. पहिलं प्रेमही कित्येकांचं तिथलंच.

दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी. २००५ मध्ये छत्तीसगडात सलवा जुडूम ही सरकारच्या पाठबळाची नक्षलविरोधी मोहीम सुरू झाली आणि विशेष पोलीस अधिकारी म्हणून कोवळ्या पोरांच्या हातात सरकारी बंदुका दिल्या गेल्या. त्यांत अठराच्या आतलीही होती, असं त्याच २००८ च्या अहवालात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ ला ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. तोवर कित्येक कुटुंबांत एक मूल या बाजूला आणि एक त्या बाजूला उभं राहिलं होतं. आपल्या देशात सशस्त्र संघर्ष नाही, ही भारत सरकारची अधिकृत भूमिका आहे. बाहेरचे काही अभ्यासक अशा परिस्थितीला गृहयुद्ध म्हणतात. व्याख्येचा वाद राज्यशास्त्राचे लोक सोडवतील. सख्खी भावंडं एकमेकांवर नेम धरून उभी असलेल्या घराला ते युद्धच होतं.

नागपूरहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटर, आणि गडचिरोलीहून भामरागड जवळजवळ तेवढंच. पण या संघर्षाचा कारभार नागपुरातून चालतो. नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय इथे. जवानांना जंगलातल्या लढाईचं शिक्षण देणारं केंद्र सुराबर्डीला. जखमी जवान हेलिकॉप्टरने इथल्या रुग्णालयांत येतात, आरोपी मध्यवर्ती कारागृहात येतात, खटले खंडपीठापुढे येतात. बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसवलेलं हे शहर. त्याच्या वारशाच्या लोकांची लेकरं हरवली, तेव्हा या शहराने त्यांची मोजदाद दोनच वेळा केली: मेल्यावर किंवा शस्त्र खाली ठेवल्यावर. मी याच शहरात राहतो. म्हणून हे लिहिताना मला तिऱ्हाइतासारखं बोलता येत नाही.

महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना २९ ऑगस्ट २००५ पासून चालू आहे. गडचिरोलीत तिच्यातून आजवर सातशेहून अधिक जण बाहेर आले. १ जानेवारी २०२५ ला ज्येष्ठ नक्षल नेत्या तारक्का आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आले, तेव्हा चळवळीचा कणाच मोडला हे सगळ्यांनी ओळखलं. योजनेने पुष्कळ केलं आहे, हे मी मनापासून मान्य करतो. रोख रक्कम, गडचिरोलीत नवजीवन वसाहत, घरकुल, शिवणकाम-वाहनचालनाचं शिक्षण, कोनसरीच्या पोलाद कारखान्यात नोकऱ्या. दलममध्ये लग्नाआधी पुरुषांची नसबंदी केली जात असे. बाहेर आल्यावर ती उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या जोडप्यांना मुलं झाली आहेत. एका देहाला त्याचं हिरावलेलं काही परत मिळालं, याहून मोठं पुनर्वसन मला माहीत नाही.

पण योजनेचा हिशेब पदावर चालतो. दलम सदस्याला एवढे, उपकमांडरला एवढे, सोबत आणलेल्या शस्त्राचे वेगळे. पद जितकं मोठं तितकी रक्कम मोठी. बाराव्या वर्षी नेलेली आणि पंचविसाव्या वर्षी साधी सदस्य म्हणून परतलेली मुलगी या तक्त्यात सगळ्यात खाली येते. तिचं जे गेलं, ती शाळेची वर्षं, आईजवळची वर्षं, त्यासाठी तक्त्यात रकाना नाही. तिने काय खाली ठेवलं हे विचारलं जातं. तिच्याकडून काय घेतलं गेलं हे विचारायची पद्धत अजून पडायची आहे.

बाहेर आल्यावर पहिली लढाई कागदांची. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, कारण खरी कुणालाच ठाऊक नाही. शाळा सोडल्याचा दाखला नाही, कारण शाळा तिने सोडली नव्हती, ती सुटली होती. दाखला नाही म्हणून जातीच्या प्रमाणपत्राला अडचण, ते नाही म्हणून वसतिगृहाला, शिष्यवृत्तीला अडचण. आईचं रेशनकार्ड गावात, त्यावरून तिचं नाव केव्हाच कमी झालेलं. पोलिसांच्या नोंदीत मात्र तिची दोन्ही नावं आहेत, मध्ये ‘ऊर्फ’ घालून. वसाहतीतल्या एका बाईंशी मी बोलत होतो. त्यांचा सगळा बोलण्याचा ओघ रेशनकार्डाशी येऊन थांबत होता. मी गोळीबाराबद्दल विचारत होतो, त्या तलाठ्याबद्दल सांगत होत्या. आईच्या कार्डावर आपलं घरचं नाव पुन्हा चढलं की मग बाकीचं बघू, असं त्या म्हणाल्या. मन बरं होणं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी बरंचसं कळलं.

जगात हे आधी घडून गेलं आहे, आणि त्यातून निघालेलं ज्ञान आपल्या कामाचं आहे. युगांडाच्या उत्तर भागात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाने पंचवीस हजारांवर मुलं पळवली असा युनिसेफचा अंदाज होता. १० ऑक्टोबर १९९६ च्या पहाटे अबोके गावातल्या शाळेच्या वसतिगृहातून १३९ मुली नेल्या. शाळेच्या उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले माग काढत जंगलात गेल्या आणि त्यांनी १०९ मुली सोडवून आणल्या. तीस मागे राहिल्या. परतणाऱ्या मुलांना तिथले आचोली लोक उंबऱ्यावर अंड्यावर पाय ठेवून आत घेतात. अंडं फुटतं, बाहेरचं बाहेर राहतं, आणि सगळं गाव ते पाहतं. सगळं गाव पाहतं, यातच त्या विधीची ताकद आहे.

सिएरा लिओनमधलं युद्ध २००२ मध्ये संपलं. तिथल्या माजी बालसैनिकांचा थेरेसा बेटनकोर्ट या संशोधिकेने वर्षानुवर्षं मागोवा घेतला. युद्धात काय भोगलं याचा परिणाम राहतोच, पण परतल्यावर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी कसं घेतलं यावर पुढचं बरंचसं ठरतं, असं तिला दिसलं. ज्यांना गावाने जवळ केलं, शाळेत घातलं, ती सावरली. ज्यांच्या मागे बोटं दाखवली गेली ती आणखी खचली. मोझांबिकमध्ये अशाच ३९ मुलांचा तब्बल सोळा वर्षं अभ्यास झाला. बहुतेक जण चांगले शेतकरी, नवरे, बाप झाले. काही रात्री मात्र त्यांना छळत राहिल्या. आणि आपल्या अगदी शेजारी नेपाळात उलटं घडलं. माओवादी सैन्यातून २०१० मध्ये चार हजारांवर लोकांना ‘अयोग्य’ ठरवून छावण्यांतून काढलं. त्यांत जवळजवळ तीन हजार जण भरतीच्या वेळी अल्पवयीन होते. ज्यांचं बालपण गेलं त्यांच्याच कपाळावर अयोग्यतेचा शिक्का बसला. तो राग आजही तिथल्या राजकारणात बाहेर येतो.

या सगळ्यातून माझ्या मनाशी एकच गोष्ट पक्की झाली आहे. घर, पैसा, नोकरी हे सगळं सरकार देऊ शकतं. मूल बरं होतं ते गावात. आणि आपण परतलेल्यांना नेमकं गाव सोडून बाकी सगळं दिलं. याला कारण होतं. दलममधले ‘आतले’ लोक शरण आलेल्याला गद्दार समजत, आणि गावात परतलेले मारले गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी वसाहत, म्हणून पोलिसांची सोबत. ती काळजी वीस वर्षं रास्त होती. आता दलम उरले आहेत थोडे, त्यांची भीतीही ओसरते आहे. केंद्राने ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपवण्याची मुदत ठरवली. मुदतीनंतरच्या दिवसांचा विचार करताना रस्ते, टॉवर आणि खाणींबरोबर या परतीच्या वाटेचाही आराखडा हवा.

ती वाट सोपी नाही, आणि इथे मला नक्षलवाद्यांनी मारलेल्या माणसाच्या विधवेबद्दल बोललं पाहिजे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी पाचशेहून अधिक सामान्य माणसं मारली, बहुतेक आदिवासीच. कुणाचा पोलीस पाटील बाप, कुणाचा भाऊ. ज्या टोळीने त्यांना रात्री घरातून ओढून नेलं तिच्यात शेजारच्या गावची एक सोळा वर्षांची मुलगी कंदील धरून उभी असेल. तिचंही बालपण लुटलेलं होतं, हे त्या विधवेला कसं सांगायचं? युगांडाचा डॉमिनिक ऑंगवेन नऊ-दहा वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरून पळवला गेला, पुढे त्याच सैन्यातला एक वरिष्ठ कमांडर झाला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला ६१ गुन्ह्यांत दोषी ठरवून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. त्याचं पळवलं जाणं न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना विचारात घेतलं, पण दोष त्याने पुसला गेला नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. मुलाला निर्दोष म्हणणं आणि मोठ्याला जबाबदार धरणं, ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या बाबतीत करावी लागतात. त्या विधवेने क्षमा करावी असं सांगण्याचा अधिकार मला नाही, सरकारलाही नाही. विचारलं मात्र पाहिजे, आणि तिलाच विचारलं पाहिजे. जिल्ह्यात अनेक गावांनी नक्षल गावबंदीचे ठराव केले आहेत. ज्या ग्रामसभेने दारं बंद करायचा ठराव केला, तीच स्वतःच्या हरवलेल्या लेकरांसाठी वेगळा ठराव करू शकते. मेंढा-लेखाने आपल्या जंगलाचे निर्णय स्वतः घेऊन दाखवले. गायता, भूमिया असे गावचे मानकरी आणि बचत गटातल्या बाया एकत्र बसल्या तर हा निर्णय त्यांच्या आवाक्याबाहेरचा नाही.

पुढच्या पानांवर बोलणाऱ्यांची नावं, गावं, दलमची नावं गाळली आहेत. नवी नावं दिलेली नाहीत. त्यांना एकदा दुसऱ्याने नाव दिलं होतं, तेवढं पुरे. सांगणं बहुतेकांचं माडियात किंवा गोंडीत झालेलं असल्याने मराठीत येताना त्यातलं काही निसटलं आहे. हीच अडचण उपचारातही येते. नागपूरचा मानसोपचारतज्ज्ञ कितीही कुशल असला, तरी भाषा न कळणाऱ्या माणसासमोर कुणी रात्रीचं स्वप्न सांगत नाही. याला उत्तर गडचिरोलीतच सापडलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं वाचवली, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जे काम मोठ्या रुग्णालयांचं समजलं जात होतं ते थोडं शिकलेल्या, गावचीच भाषा बोलणाऱ्या बाया करू शकल्या. दचकून उठणाऱ्या, गर्दीत गुदमरणाऱ्या, लहानग्याला मारून मग रडणाऱ्या माणसाजवळ बसायला अशाच बाया शिकवता येतील. त्यांतल्या काही जणी स्वतः दलममधून परतलेल्या असाव्यात. वाहनचालन आणि शिवणकाम शिकवणाऱ्या योजनेत हे तिसरं शिक्षण घालायला पैसा फार लागणार नाही. पहिली तुकडी भामरागड आणि एटापल्लीतून निवडावी, शिकवणं माडियात व्हावं, आणि पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा.